आइस्क्रीमवर ओतायचा चॉकलेट सॉस

प्रश्न : आइस्क्रीमसाठी चॉकलेट वितळवून ते पातळ व्हावे म्हणून मी त्यात चमचाभर दूध घालते, पण दूध पडताच त्याचा रवाळ गोळा होतो. एकदा सॉस छान जमला, तर आइस्क्रीमवर ओतताच तो कडक झाला. माझे काय चुकते?

उत्तर : चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीत, विखुरलेले असतात. त्यांना जरासा ओलावा मिळाला, की साखर चिकट होते आणि सगळे कण एकमेकांना धरून बसतात. म्हणजे तुमचे दूध जास्त झाले नाही, उलट ते कमी पडले. असा गोळा टाकून देऊ नका. मंद आचेवर एकेक चमचा गरम दूध घालत ढवळत राहा. आधी तो आणखीच फुटल्यासारखा दिसेल, पण दूध पुरेसे झाले, की तो सैल पडून त्यावर तकाकी येते. १०० ग्रॅम चॉकलेटला सुरुवातीलाच १०० मिलिलिटर गरम दूध घेतले, तर ही वेळच येणार नाही.

कडक होण्याचे कारण वेगळे आहे. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे आइस्क्रीमच्या गारव्याने ते लगेच गोठते. म्हणून आइस्क्रीमसाठी मला कोको पावडरचा सॉसच अधिक पसंत आहे, कारण त्यात ही चरबी पुष्कळ कमी असते. ५० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, १०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ कोरडेच एकत्र करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग १५० मिलिलिटर पाणी थोडे थोडे घालत मिश्रण एकजीव करावे आणि उकळी आल्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटे ढवळत शिजवावे. येथे दुधापेक्षा पाणीच बरे; दुधाने कोकोचा कडवट खमंगपणा दबतो. सॉस किंचित पातळ वाटत असतानाच आच बंद करावी, कारण निवल्यावर तो बराच दाट होतो. लोणी आणि व्हॅनिला घालायचे असेल, तर ते मात्र भांडे खाली उतरवल्यावरच घालावे.

ओतताना सॉस कोमट असावा. उरलेला सॉस कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास आठवडाभर चांगला राहतो. घट्ट झाला, तर बरणी गरम पाण्यात ठेवावी.

आइस्क्रीमवर मुद्दामच कुरकुरीत कवच हवे असेल, तर १०० ग्रॅम वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन मोठे चमचे खाण्याचे खोबरेल तेल घालावे. त्यात मात्र पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये.