वाचकांचे प्रश्न : होमाई व्यारावाला यांचे शिक्षण आणि काम

प्रश्न : माझ्या मुलीला वृत्तछायाचित्रकार व्हायचे आहे. होमाई व्यारावाला यांनी हे काम कोठे शिकून घेतले आणि त्या ते कसे करीत?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या होमाईबाईंचा जन्म 1913 साली नवसारी येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी कलाशिक्षण घेतले, मात्र कॅमेरा त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकल्या, ज्यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. सुरुवातीची त्यांची काही छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली, ही गोष्ट आजही मनाला लागते. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि सत्तांतराचा काळ त्यांनी अगदी जवळून टिपला.

त्या वापरीत असलेला स्पीड ग्राफिक कॅमेरा वजनदार होता, एका प्रकाशचित्रानंतर फिल्मची पट्टिका बदलावी लागे आणि फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटत असल्याने तोही दर वेळी नवा बसवावा लागे. साहजिकच नेहरूंसारख्या सतत हालचाल करणाऱ्या व्यक्तीचा नेमका क्षण हेरण्यासाठी नजर तयार असणे आणि संयम राखणे अनिवार्य होते. 1970 मध्ये त्यांनी हा व्यवसाय सोडला. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आपल्या मुलीने चित्रकलेचा पाया अवश्य घ्यावा, कारण चौकटीत काय ठेवावे आणि काय वगळावे, याचे भान रेखाटनातूनच पक्के होते, असे आम्हांला मनापासून वाटते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लोटणाऱ्या जनसमुदायात एकेक चेहरा निवडून, त्या व्यक्तीची परवानगी घेऊन, मोजकीच छायाचित्रे काढण्याचा सराव तिने करावा.