पिकअपमध्ये नेमका किती माल भरायचा?

प्रश्न : माझी पिकअप आहे, वाळपईहून चिरे (बांधकामाचे जांभा दगड) भरून जातो. जाहिरातीत 1500 किलो लिहिलेलं, पण 1400 भरले तरी मागून गाडी बसते. का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : भाऊ, तो 1500 चा आकडा रिकाम्या गाडीवरचा असतो. आरसी बुकात गाडीचं भरलेलं एकूण वजन बघा, समजा 2900, आणि रिकामं 1400, वजाबाकी 1500. पण तुम्ही नंतर लोखंडी जाळी लावली, फळ्या टाकल्या, ताडपत्री, जॅक, वर ड्रायव्हर आणि दोन कामगार, हे सगळं त्या 1500 मधूनच जातं ना, म्हणजे चिऱ्यांना जेमतेम 1200 उरतात. टाकी फुल करून, सगळी माणसं बसवून वजनकाट्यावर एकदा गाडी चढवाच, पावतीवरचं वजन आरसीतल्या एकूण वजनातून वजा करा, उरेल तेवढाच माल भरा. आणि पावसात चिरा पाणी पितो, वजन वाढतं, तेव्हा नगावर हिशोब नको.

मागे जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाकला की गाडी बसत नाही, पण ब्रेक, टायर, एक्सल तेच राहतात, चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापले तर काय कराल? मला याचीच जास्त भीती वाटते. दंड वेगळाच, कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000.