१९८१ साली न्यूझीलंडमध्ये एका रग्बी दौऱ्यावरून पोलीस आणि लोक एवढे का भिडले? खेळात राजकारण आणायचंच कशाला?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि आमचे काका आठवले, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर तारखा काय कुठेही मिळतील.

मी हॅमिल्टनला राहतो. २५ जुलै १९८१ ला इथेच रग्बी पार्कवर वायकाटो, म्हणजे इथली स्थानिक टीम, विरुद्ध दौऱ्यावर आलेली दक्षिण आफ्रिका अशी मॅच होती. तिथल्या गोऱ्या सरकारच्या वर्णभेदामुळेच लोकांचा दौऱ्याला विरोध. साडेतीनशेच्या आसपास लोक कुंपण पाडून आत घुसले आणि मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या हातात हात अडकवून उभे राहिले. आमचे शेजारी, रिटायर्ड फिटर, त्यातलेच एक. पोलिसांनी पन्नासेक जणांना उचललं, तेवढ्यात कोणीतरी छोटं विमान चोरून इकडे यायला निघाल्याची खबर आली, शेवटी मॅच रद्द. शेजारी म्हणतात पोलिसांचं काही वाटलं नाही, खरी भीती स्टँडमधल्या पब्लिकची, बाटल्या अंगावर येत होत्या आणि त्याच स्टँडमध्ये ह्यांचा सख्खा भाऊ बसलेला. पुढे सहा वर्षं दोघांत बोलणं नाही. चारच दिवसांनी वेलिंग्टनला मोल्सवर्थ स्ट्रीटवर पोलिसांनी मोर्चावर दंडुके चालवले, तेव्हापासून लोक हेल्मेट घालून निघायला लागले. ह्यांचं अजून गॅरेजमध्ये खुंटीला आहे.

आता काका. टेनिसवेडा माणूस. १९७४ ला आपण पुण्यात रशियाला हरवून डेव्हिस कपच्या फायनलला गेलो ती मॅच त्यांनी तिथे बसून पाहिलेली. फायनल दक्षिण आफ्रिकेशी, वर्णभेदामुळे आपल्या सरकारने नाही म्हटलं, कप त्यांना फुकटात. "तोंडाशी आलेला घास काढून घेतला" हे मी दर दिवाळीला ऐकत आलोय आणि उलट बोललो की "तू जन्मला तरी होतास का रे तेव्हा?"

२०११ ला काका इथे आले, शेजाऱ्यांकडे चहाला नेलं, तिथेही तेच रडगाणं, भाषांतर करायला मी. म्हातारा उठलाच, दोन्ही हातांनी काकांचा हात धरला, म्हणे तुम्ही फायनल सोडलीत? आमच्याकडे एक साधी मॅच सोडायला तयार नव्हते. काका असे ओशाळले, "हो म्हणजे... सोडली आम्ही."

आणि राजकारण आणलं कोणी? १९६० ला न्यूझीलंडच्या रग्बी बोर्डाने माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, खेळाडू घरी ठेवून टीम दक्षिण आफ्रिकेला पाठवली, का तर तिथल्या गोऱ्यांना चालत नाहीत. ती काय खेळभावना होती का? १९७७ ला वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी आपल्या लोकांनी खेळाचे संबंध ठेवू नयेत म्हणून प्रयत्न करू अशा करारावर इथले तेव्हाचे पंतप्रधान मल्डूननी सही केलेली, तरी १९८१ चा दौरा थांबवला नाही, त्या वर्षाअखेर निवडणूक होती. तुम्हाला "खेळ वेगळा" असं कोणी ऐकवत असेल तर १९६० चं तेवढं विचारा, आमच्याकडे त्यावर विषय बदलतो.

हां, आंदोलकही सगळे साधू नव्हते. ऑकलंडच्या शेवटच्या टेस्टला विमानातून पिठाच्या पिशव्या टाकल्या, एक ऑल ब्लॅक, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमचा, खेळाडू आडवा झाला, विमान पडलं असतं तर? पोलिसांतही ड्युटी म्हणून नाइलाजाने उभे राहिलेले असणारच.

परत येताना काका दारापर्यंत गप्प. चपला काढताना म्हणाले, "पण विजय-आनंद अमृतराज फॉर्मात होते रे, जिंकलो असतो आपण."