पहिल्या लाल रेघेपाशी थांब

प्रिय दोस्ता,

तुझा स्क्रीनशॉट पाहिला. तुझ्या सी प्लस प्लस फाइलमध्ये चौथ्या ओळीतल्या इन्क्लूडखाली (दुसरी फाइल, म्हणजे हेडर, आत घेणाऱ्या ओळीखाली) लाल रेघ, आणि खालच्या तीनशे ओळी स्वच्छ. 'एवढी एक एरर सोडली तर बाकी सगळं बरोबर आहे,' असं तू लिहिलंयस. अरे, बाकीचं कोणी पाहिलेलंच नाही! हेडर सापडलं नाही की जीसीसी, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर, 'फेटल एरर' म्हणतो आणि तिथूनच परत फिरतो. खालच्या ओळींपर्यंत तो पोचलाच नाही.

एडिटरला स्वतःला सी प्लस प्लस येत नाही, हे आधी लक्षात घे. लिहिताना चुका दाखवणारी साधनं बघ: ईमॅक्स या एडिटरमधलं फ्लायमेक घे, फ्लायचेक घे, नाहीतर विम या एडिटरमधलं एएलई. अशा तपासणीत ते मागच्या मागे कंपायलर चालवतात, त्याने छापलेल्या ओळी वाचतात (फाइलचं नाव, ओळ, कॉलम, मग तक्रार) आणि त्या जागी रेघ ओढतात. त्यामुळे रेघ चुकीची वाटली की एडिटरच्या सेटिंगमध्ये शिरू नकोस. तो कोणती कमांड चालवतोय ते शोध आणि तीच टर्मिनलमध्ये हाताने चालव. सोबत बहुतेक 'एफ-सिंटॅक्स-ओन्ली' हा फ्लॅग (कमांडला जोडलेला पर्याय) असेल, म्हणजे कंपायलर फक्त तपासतो, ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) बनवत नाही.

तुझ्या बाबतीत बहुतेक असं झालंय: बिल्डच्या, म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम बनवण्याच्या, कमांडमध्ये हेडरच्या फोल्डरचा पाथ आहे, एडिटरच्या कमांडमध्ये नाही. आता तो पाथ एडिटरच्या कॉन्फिगमध्ये चिकटवायचा मोह होईल. मीही तेच करायचे. मग मेकफाइलमध्ये (बिल्डच्या कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये) भाषेची नवी आवृत्ती, सी प्लस प्लस १७, आली आणि माझ्या एडिटरमध्ये जुनी ११ तशीच राहिली. स्टँडर्ड लायब्ररीतलं 'ऑप्शनल' १७ पासूनचं, ते वापरलं की लाल रेघ. बिल्ड मात्र बिनतक्रार होत होतं. आणि मी काय केलं, तर रेघेवर विश्वास ठेवून चांगला कोड जुन्या पद्धतीने लिहून काढला. दोन दिवस गेले.

म्हणून फ्लॅग दोन ठिकाणी ठेवायचेच नाहीत. बिल्डची मांडणी करणारं सीमेक वापरत असशील तर 'सीमेक एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स' हा पर्याय ऑन कर, बिल्डच्या फोल्डरमध्ये कंपाइल कमांड्सची जेसन फाइल तयार होते. प्रत्येक सोर्स फाइल नेमकी कोणत्या कमांडने कंपाइल होते ते तिच्यात लिहिलेलं असतं, आणि एडिटरसाठी कोड तपासणारा क्लँगडी हा प्रोग्रॅम तीच वाचतो. नुसती मेकफाइल असेल तर बिल्डच्या कमांड टिपून घेणाऱ्या 'बेअर' या साधनामधून एकदा पूर्ण बिल्ड चालव, तीच फाइल मिळते. फ्लायमेकवरच राहायचं असेल तर मेकफाइलमध्ये 'चेक-सिंटॅक्स' नावाचं टार्गेट (नाव देऊन चालवता येणारं काम) लिही आणि त्यात बिल्डचेच फ्लॅगचे व्हेरिएबल वापर, नवे टाइप करू नकोस.

एक बारकावा. सेव्ह न केलेला मजकूर तपासायला एडिटर तो बऱ्याचदा स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे फाइलऐवजी थेट, कंपायलरला देतो. तेव्हा दुहेरी अवतरणातलं हेडर कंपायलर तुझ्या फाइलशेजारी शोधत नाही, ज्या फोल्डरमधून तो चालवला तिथे शोधतो. 'सेव्ह केलं की एरर जाते' अशा भुताटकीमागे कधीकधी एवढंच असतं.

वॉर्निंगसाठी 'वॉल' आणि 'एक्स्ट्रा' हे दोन्ही फ्लॅग लाव. 'वॉल'मध्ये नावाप्रमाणे सगळ्या वॉर्निंग येत नाहीत. तरी व्हेरिएबलला किंमत न देताच वापरल्याची वॉर्निंग जीसीसीच्या नुसत्या सिंटॅक्स तपासणीत मिळणार नाही, कारण ती शोधणारा टप्पा त्यानंतरचा. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरच्या तक्रारी तर नाहीतच. म्हणजे दिवसातून काही वेळा पूर्ण बिल्ड करणं आहेच. किती वेळाने तपासायचं याची चिंता नको, फ्लायमेक मूळचं अर्धा सेकंद थांबतं, तेवढं पुरतं.

आणि हो, अनोळखी कोड उघडताना जरा जपून. तपासणी म्हणजे नुसतं वाचणं असं प्रत्येक भाषेत नसतं. पर्लमध्ये सिंटॅक्स तपासायला सांगितलं तरी बिगिन ब्लॉकमधला (सगळ्यात आधी चालणाऱ्या भागातला) कोड प्रत्यक्ष चालतो.

आज एवढंच कर: पाथ नीट लागला की फाइलच्या अगदी शेवटच्या फंक्शनमधला एक सेमीकोलन मुद्दाम काढ आणि तिथे रेघ येते का बघ. नाही आली तर टर्मिनलमधली कमांड आणि तिचं आउटपुट जसंच्या तसं पाठव. स्क्रीनशॉट नको.

तुझी ताई