दोघंच असताना लॉकवाल्या कालव्यातून बोट नेणं झेपतं का?

तुम्ही विचारलंय की दोघंही पन्नाशी ओलांडलेले आहात, इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात आठवडाभर भाड्याची बोट घेऊन कालव्याने फिरायचंय, तर लॉक (म्हणजे बोट वर-खाली करायचे दारांचे हौद) असलेला कालवा झेपेल का, की बिनलॉकचा घ्यावा. आणि शेवटी सहज लिहून टाकलंय, ‘मिस्टर बोट चालवतील, मी बाकीचं बघेन.’ मी हे उत्तर त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय. पहिल्याचं उत्तर एका शब्दात: झेपतं.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात. सुरुवात धोमच्या कालव्यावर, शेवट ताकारी-म्हैसाळच्या पंपांवर. त्यामुळे थोरलीने मँचेस्टरहून ‘बोट बुक केलीय’ असं कळवलं तेव्हाच घरात ठरून गेलं की कालवा म्हणजे ह्यांचा विषय. माझं माहेर सांगलीवाडी. पोहायला मी कृष्णेत शिकले, आमच्या गल्लीतली पोरं होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारायची. पण ते कुणी विचारलं नाही.

आता आपल्याकडच्या कालव्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला लॉक कळेलच असं नाही. आपल्याकडे कालवा खाली उतरवायचा तर फॉल बांधतात. पाणी धडाधड खाली पडतं, विषय संपला. पाण्यावर कुणी बसलेलं नसतं. तिकडे माणसांसकट बोट उतरवायची असते. म्हणून दगडी हौद, त्याला दोन्ही टोकांना दारं, दारांपाशी पाणी सोडायच्या झडपा. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या झडपा उघडून हौद रिकामा करायचा, पाणी समपातळीत आलं की दार उघडून बाहेर. चढताना उलटं. एका वेळेला लाखभर लिटर पाणी खाली जातं. हा हिशोब ह्यांचा, आणि तो बरोबर आहे.

आम्ही घेतला तो लँगॉलेनचा कालवा, वेल्स आणि इंग्लंडच्या हद्दीवरचा. बोट ट्रेव्हरला ताब्यात मिळाली. चालवायला लायसन्स लागत नाही. कंपनीचा पोरगा तासाभरात सगळं दाखवतो आणि काठावर उभा राहून टाटा करतो. बोट सत्तावन्न फुटी आणि रुंदीला सात फुटांहून जरा कमी, कारण लॉकच सात फुटी. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. समोरून बोट आली की आपण उजवीकडे घ्यायचं, म्हणजे आपल्या रस्त्याच्या बरोबर उलट. वेग ताशी चार मैलांवर न्यायचा नाही, काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून कमी. काठावरून चालणारी आजीबाई आपल्याला मागे टाकते. तो पोरगा हे सगळं सांगत असताना ह्यांचा चेहरा ‘मला काय शिकवतोस’ असा, आणि दर वाक्याला ‘येस, येस’. मी मात्र झडपा उघडायचं ते एल आकाराचं लोखंडी हँडल हातात घेऊन दोनदा विचारून घेतलं की झडप उघडी धरून ठेवणारा खटका कसा लावायचा आणि कसा सोडायचा. का विचारलं ते पुढे येईल.

ट्रेव्हरहून निघाल्या निघाल्या पॉन्टकिसिल्टीचा जलसेतू लागतो. १८०५ साली बांधून पूर्ण झाला, टेलफर्ड आणि जेसप या दोन इंजिनिअरांचं काम, २००९ पासून जागतिक वारसा. अठरा दगडी खांबांवर बिडाची पन्हळ, हजार फुटांहून लांब, खाली १२६ फुटांवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काही नाही. पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभर, आणि त्यापलीकडे हवा. तिथे आल्यावर ह्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं. ‘मला फोटो काढायचेत’ म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. फोटो आले ते सगळे कठड्याच्या बाजूचे. पार झाल्यावर मात्र बाहेर येऊन मला सांगितलं की पन्हळीच्या मध्यावर एक बूच आहे, ते उपसलं की सगळं पाणी नदीत पडतं, दुरुस्तीसाठी केलेली सोय आहे. हे खरंच आहे. आणि हा कालवा डबक्यासारखा नसून वाहता आहे, लँगॉलेनच्या वर डी नदीवर बंधारा घालून पाणी घेतलंय आणि ते शेवटी हर्लस्टनच्या तलावात पिण्यासाठी साठवतात, हेही ह्यांनीच सांगितलं. माणसाचं ज्ञान नाकारत नाही मी.

पुढे चर्कचा बोगदा गेला, आणि न्यू मार्टनचे दोन लॉक आले. पुढच्या एल्समिअर गावाकडे जाताना हे उतरायचे असतात. उतरताना एकच मोठी धोक्याची गोष्ट: वरच्या दाराच्या पायथ्याशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर राहिलं, तर पुढचं टोक खाली जातं आणि मागचं अडकून वर राहतं. बोटी अशाच बुडतात. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, तिच्या पुढे राहायचं, एवढंच सुकाणूवरच्या माणसाचं काम.

मी खालच्या दाराशी हँडल घेऊन. हे सुकाणूवर उभं राहून सांगलीला भाऊजींना व्हिडिओ कॉल लावतायत. ‘हे बघ, हा लॉक. आता पाणी उतरणार.’ पाणी उतरायला लागलं. आमच्या बोटीच्या छपरावर ह्यांचा अर्धा प्यायलेला चहाचा कप होता. तो कप आपोआप पुढे सरकायला लागला. आधी वाटलं वारा असेल. मग लक्षात आलं, छप्पर तिरकं होतंय. बोट मागे गेली होती.

मी खटका सोडून झडप पाडली. समोरून येणारी एक बोट खाली वाट बघत होती, त्यातली बाई धावत वर आली आणि तिने दुसरी झडप पाडली, एक शब्द न बोलता. मग वरच्या दाराशी धावत जाऊन झडप थोडी उघडली, हळूहळू पाणी आत घेतलं. मागचं टोक उंबऱ्यावरून खरवडत सुटलं तो आवाज अजून आठवतो. कप पाण्यात गेला, कंपनीने नंतर त्याचे पैसे लावले.

या सगळ्यात ह्यांचं बोलणं काय, तर ‘अगं, काय केलंस तू!’

आता सांगलीत कुठल्याही कार्यालयात, जेवणाच्या पंगतीला, हीच गोष्ट अशी सांगितली जाते: ‘बोट अडकली, मी ओरडलो, झडप बंद कर, म्हणून वाचलो.’ आणि वर, ‘बोट मी चालवली, ही दारं ढकलत होती.’ भाऊजींनी फोनवर सगळं ऐकलंय. विचारा त्यांना. तेही भावाचीच री ओढतात. २०१९ च्या पुरात बोट म्हणजे काय ते बघितलेल्या गावात बसून लोक हे ऐकतात आणि माना डोलावतात, याचं मला जास्त वाटतं.

तर तुमच्यासाठी सांगते. दोघंच असाल तर बोटीचा कप्तान काठावरचा माणूस असतो, सुकाणूवरचा नाही. पाणी कधी सोडायचं, कधी थांबवायचं, हे त्याच्या हातात. त्याची नजर बोटीवर हवी आणि सुकाणूवाल्याची नजर त्याच्यावर हवी. मिस्टरांना पहिल्याच लॉकला खाली उतरवा. हँडल त्यांच्या हातात द्या, सुकाणू तुम्ही घ्या. दार हाताने नाही, पाठ लावून ढकलायचं असतं, आणि पाणी सारखं झालं नसेल तर हत्ती लावला तरी हलत नाही. हे एकदा अंगाला कळलं की मग कोण काय चालवतंय यावर पंगतीत भाषण होत नाही. वजनानेही तेच बरोबर आहे, जड माणूस दाराला आणि हलका सुकाणूला. जवळजवळ सगळी जोडपी नेमकं उलटं करतात, लॉकच्या काठावर उभं राहून बघा.

हँडल झडपेला तसंच लावून सोडू नका. खटका निसटला तर गरगर फिरून दात पाडतं. कंपनीकडून जादाचं एक मागून घ्या, पाण्यात पडतंच.

कुठला कालवा ते राहिलंच. ट्रेव्हरहून एल्समिअरपर्यंत एवढे दोनच लॉक, नवख्यांना पुरेसे. त्याच्या पुढे ग्रिंडली ब्रुकला सहा आहेत, त्यातले तीन एकाला एक जोडलेले, पण उन्हाळ्यात तिथे मदतीला माणूस असतो. परतीचा प्रवास प्रवाहाच्या विरुद्ध आहे, वेळ जास्त धरा. चढताना लॉकच्या बगलेने जादा पाणी सोडलेलं असतं, ते तोंडाशीच बोटीला बाजूला ढकलतं. भिंतीला थोडं घासणार, घासू द्या. लॉक नकोच असतील तर अ‍ॅश्बी कालवा बावीस मैल बिनलॉकचा आहे, लँकेस्टरचा तर प्रेस्टनपासून वर एकेचाळीस मैल.

उन्हाळा म्हणजे आपला एप्रिल-मे नव्हे. जूनमध्ये मी स्वेटर घालून भडंग खात होते. रात्री साडेनऊपर्यंत उजेड मात्र असतो. संडासाची टाकी रिकामी करायचं काम कुणाचं ते घरूनच ठरवून जा. लाइफ जॅकेट मागितलं की देतात, पोहता येत असलं तरी लॉकमध्ये घाला. आणि दोघांपैकी कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सरळ अ‍ॅश्बी घ्या. लॉकच्या दारावरून पलीकडे जायची फळी अरुंद असते आणि पावसात निसरडी होते. सुकाणू कुणाचं, हा प्रश्न तिथेही येईलच.