अमेरिकेतील सर्वांत लहान राजधानी, माँटपीलियर, पाहण्यासारखी आहे का?

आपण विचारले आहे की, आपले आईवडील जुलैपासून बोस्टनला आपल्याकडे राहायला येणार आहेत, त्यांना व्हरमाँटची राजधानी माँटपीलियर दाखवावी असे मनात आहे, परंतु इतक्या लहान गावात वयस्कर माणसांनी दिवसभर पाहावे असे काही आहे का, अशी शंका वाटते. मी माझ्या वडिलांना घेऊन तिथे गेलो आहे आणि त्याआधी एकदा मार्चमध्ये, विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना, एकटाही जाऊन आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अवश्य जावे. मात्र माँटपीलियर एकटे पाहू नये. सातएक मैलांवरचे बॅरी हे गाव त्याच दिवशी त्याला जोडून घ्यावे, कारण राजधानीत जो दगड उभा आहे तो बॅरीच्या डोंगरातला आहे, आणि दोन्ही ठिकाणे एकत्र पाहिल्याशिवाय एकाचाही अर्थ पुरता लागत नाही.

बोस्टनहून हे अंतर सुमारे 180 मैलांचे असून गाडीने तीन तास लागतात. 2020 च्या जनगणनेत माँटपीलियरची लोकसंख्या 8,074 इतकी भरली, म्हणजे पन्नास राज्यांच्या राजधान्यांमध्ये सर्वांत कमी. व्हरमाँटमध्ये रस्त्याकडेला जाहिरातींचे मोठे फलक लावण्यास 1968 पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे राज्याच्या हद्दीत शिरल्यावर शेवटचा तासभर नजरेला डोंगर आणि झाडी यांशिवाय काही पडत नाही, आणि मग विनूस्की नदीच्या काठी, हिरव्या टेकडीला पाठ लावून बसलेला सोनेरी घुमट एकाएकी समोर येतो.

व्हरमाँटचा इतिहास थोडा वेगळा आहे. 1777 ते 1791 अशी चौदा वर्षे हा प्रदेश स्वतंत्र गणराज्य होता, आणि 1777 च्या त्याच्या राज्यघटनेने प्रौढ माणसाला गुलाम म्हणून ठेवण्यास मनाई केली होती. 1791 मध्ये तो चौदावे राज्य म्हणून अमेरिकेत सामील झाला. त्यानंतरही काही वर्षे विधिमंडळ आज या गावी तर उद्या त्या गावी भरत असे. 1805 मध्ये माँटपीलियरची निवड झाली आणि तिथे लाकडी विधानभवन बांधले गेले. सदस्यांनी चाकूने बाके कोरून कोरूनच ते भवन निकालात काढले, अशी दंतकथा तिथे आजही आवडीने सांगतात. 1830 च्या दशकात अ‍ॅमी यंग या वास्तुविशारदाने अथेन्समधील एका प्राचीन मंदिराच्या धर्तीवर दुसरे भवन बांधले. त्यासाठी बॅरीचा ग्रॅनाइट बैलांच्या आणि घोड्यांच्या गाड्यांवर लादून आणला गेला. जानेवारी 1857 मध्ये आग लागून आतले सर्व काही जळाले, पण दर्शनी द्वारमंडप आणि त्याचे सहा खांब उभे राहिले. आज आपण पाहतो ते 1859 चे तिसरे भवन त्याच खांबांच्या मागे बांधलेले आहे. पायथ्याशी सुमारे सहा फूट व्यासाचा तो खांब हाताला लागतो तेव्हा आपण आगीतून वाचलेल्या दगडाला स्पर्श करत असतो, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवावे. शेजारीच ईथन अ‍ॅलनचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे. 1775 मध्ये टिकॉन्डरोगाचा किल्ला इंग्रजांकडून घेणारा तो हाच.

आत शिरल्यावर बहुतेक लोक मान वर करून छत पाहतात. मी म्हणेन की आधी खाली पाहावे. दालनाची फरशी काळ्या आणि पांढऱ्या चौकोनांची आहे आणि त्यातला काळा दगड लेक शँप्लेनमधील आइल ला मॉट या बेटावरून आणलेला आहे. दुरून तो आपल्याकडच्या कडप्प्यासारखा दिसतो. परंतु वाकून पाहिले की त्यात पांढुरक्या रेषांचे शंखासारखे आवर्त आणि शिंपल्यांचे तुकडे दिसू लागतात. ते 40 कोटी वर्षांहूनही जुन्या उथळ समुद्रातील जीवांचे जीवाश्म आहेत. माझे वडील एका आवर्तापाशी गुडघ्यावर बसले, त्यावरून बोट फिरवत त्यांनी त्याचे वेटोळे मोजले आणि मग पुढचा अर्धा तास त्यांनी एकेक फरशी तपासत काढला. तेथील स्वयंसेवक मार्गदर्शक आजींनी स्वतः येऊन त्यांना आणखी दोन मोठे जीवाश्म दाखवले. इंग्रजी फारसे न बोलणाऱ्या माणसालाही ज्यात कोणाच्या मध्यस्थीची गरज लागत नाही असे हे दर्शन आहे, म्हणून त्यावर मी इतके लिहीत आहे.

वरच्या मजल्यावर दोन्ही सभागृहे आहेत. प्रतिनिधी सभागृहात 150 सदस्य बसतात आणि सिनेटमध्ये 30. सिनेटचे दालन तर 1859 च्या मूळ लाकडी सामानासह अजून वापरात आहे. प्रतिनिधी सभागृहातील पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मोठे चित्र 1857 च्या आगीतून बाहेर काढून वाचवलेले आहे. दुसऱ्या एका दालनात यादवी युद्धातील 1864 च्या सीडर क्रीकच्या लढाईचे भिंतभर चित्र आहे. ते रंगवणारा ज्युलियन स्कॉट स्वतः त्या युद्धात नगारा वाजवणारा मुलगा म्हणून गेला होता आणि जखमी सैनिकांना वाचवल्याबद्दल त्याला शौर्यपदकही मिळाले होते. हे ठाऊक असेल तर जखमी आणि थकलेल्या सैनिकांचे चेहरे त्याने इतक्या जवळून का रंगवले आहेत ते उमगते.

मार्चमध्ये मी गेलो होतो तेव्हा दारात कोणी झडती घेतली नाही की ओळखपत्र मागितले नाही. बहुतेक सदस्यांना स्वतःचे कार्यालय नसते. सभागृहातील आसन हीच त्यांची बैठक, त्यामुळे ते जिन्यावर, गच्च भरलेल्या समिती-खोल्यांत आणि कँटीनमध्ये लोकांना सहज भेटतात. जेवणाच्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सूप संपवता संपवता मी कुठून आलो याची चौकशी केली, आणि ते आमदार आहेत हे मला ते उठून गेल्यावर कळले. राज्यकारभार इतक्या कमी अंतरावरून पाहता येणे ही माझ्या मते या गावाची सर्वांत मोठी संपत्ती आहे. आपण जुलैनंतर जाणार असल्याने अधिवेशन नसेल, कारण ते साधारण जानेवारी ते मे असते. परंतु त्याच्या बदल्यात जुलैपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत स्वयंसेवक सर्व दालने फिरवून दाखवतात.

बाहेर आल्यावर घुमटावरील पुतळा नीट पाहावा. ती कृषिदेवता असून लाकडाची आहे, आणि लाकूड या हवेत टिकत नाही. 1858 चा मूळ पुतळा लार्किन मीड या शिल्पकाराच्या कल्पनेतला. तो कुजल्यावर 1938 मध्ये विधानभवनाची व्यवस्था पाहणाऱ्या ड्वाइट ड्विनेल या ऐंशी ओलांडलेल्या अधिकाऱ्याने सफाई कर्मचाऱ्यांच्या मदतीने दुसरा कोरला, आणि तोही झिजल्यावर 2018 मध्ये महॉगनीचा चौदा फुटी तिसरा पुतळा वर चढवण्यात आला. दुसऱ्या पुतळ्याची घडण ओबडधोबड होती खरी, पण एका वृद्ध माणसाने आपल्या इमारतीसाठी स्वतः छिन्नी हातात घ्यावी, याबद्दल मला फार आदर वाटतो.

गावातील बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. शेजारच्या पॅव्हिलियन इमारतीत राज्याचे इतिहास संग्रहालय आहे, तिथे तासभर पुरतो. विधानभवनामागील टेकडीवरील हबर्ड पार्कमध्ये दगडी मनोरा आहे, मात्र चढ असल्याने गुडघे दुखत असतील तर तो सोडून द्यावा. जुलै 2023 च्या पुरात मेन स्ट्रीट आणि स्टेट स्ट्रीटवरील दुकाने पाण्यात गेली होती. तिथल्या दुकानदारांनी ती हिमतीने पुन्हा उभी केली आहेत, म्हणून जेवण आणि खरेदी शक्यतो गावातच करावी. मेपलच्या पाकाचे मऊ आइस्क्रीम, ज्याला तिथे क्रीमी म्हणतात, ते शाकाहारी मंडळींनाही निर्धास्त देता येते.

दुपारी बॅरीला जावे. तेथील खाण सुमारे सहाशे फूट खोल असून कठड्यावरून खाली पाहिले की तळातील यंत्रे खेळण्यांसारखी दिसतात. त्यानंतर होप सिमेटरी पाहावी. दफनभूमी म्हटल्यावर वडील आधी नाखूश होते, पण आत गेल्यावर बाहेर पडायला तयार होईनात. 1895 पासूनची ही भूमी असून प्रत्येक स्मारक बॅरीच्याच करड्या ग्रॅनाइटचे आहे. त्यांतली कित्येक इटलीहून आलेल्या पाथरवटांनी स्वतःसाठी, सोबत्यांसाठी किंवा कुटुंबासाठी घडवलेली आहेत. पलंगावर हात हातात घेऊन बसलेले जोडपे, शर्यतीची मोटार, रिकामी आरामखुर्ची असे नाना प्रकार तिथे आहेत. हवेच्या दाबावर चालणारी अवजारे आल्यानंतर बंद शेडमध्ये ग्रॅनाइटची बारीक धूळ कोंडू लागली आणि सिलिकोसिस या धुळीने होणाऱ्या रोगाने या माणसांची फुप्फुसे निकामी केली. धूळ ओढून घेणारी यंत्रणा सर्वत्र बसेपर्यंत 1930 चे दशक संपत आले होते. एका स्मारकावर असाच एक पाथरवट बायकोच्या हातांवर कोसळताना कोरलेला आहे, अंगात कामाचा एप्रन तसाच. सकाळी ज्या खांबांना हात लावला ते त्याच्याही आधीच्या पिढ्यांनी घडवलेले असले, तरी दगड तोच आहे.

शक्यतो कामाच्या दिवशी जावे, कारण रविवारी विधानभवन बंद असते आणि शनिवारच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. पानांचे रंग पाहायचे असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम, परंतु त्या दिवसांत मुक्कामाची खोली बरीच आधी ठरवावी लागते. आणि गावाचे नाव इंग्रजीत Barre असे लिहीत असले तरी वाट विचारताना उच्चार ‘बॅरी’ असाच करावा. ‘बार’ म्हटल्यावर आम्हाला पेट्रोल पंपावरील मुलाने मद्यालयाचा रस्ता दाखवायला सुरुवात केली होती.