टॅली येतं, हिशेब कळत नाही: अकाउंट्समध्ये नव्यानं लागलेल्यांचे प्रश्न

अकाउंट्स विभागात नुकत्याच रुजू झालेल्यांची पत्रं हल्ली बरीच येतात. कुणी कॉमर्स केलेलंच नसतं, कुणाचं कॉमर्स परीक्षेबरोबर संपलेलं असतं, आणि शिकवायला ऑफिसात कुणाला वेळ नसतो. त्यातले पाच प्रश्न आज घेतो.

बी. ए. झालोय. भोसरीतल्या एका ट्रेडिंग फर्ममध्ये टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्र्या मारतो. कोणतं व्हाउचर कुठे, हे पाठ झालंय. पण डेबिट-क्रेडिट कळत नाही. क्लास लावू की घरी शिकू?

घरीच शिका. बहुतेक क्लास तुम्हाला जे येतं तेच पुन्हा शिकवतील: एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल. तुमचं अडलंय ते त्याच्या आधी. महाराष्ट्र बोर्डाचं अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक घ्या, बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. रोजकीर्द (जर्नल), खतावणी (खातेवार नोंदींची वही, म्हणजे लेजर), रोकडवही, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, म्हणजे ट्रायल बॅलन्स) आणि बँक जुळवणी (आपलं पुस्तक बँकेच्या स्टेटमेंटशी ताडणं) एवढे भाग आधी करा. उदाहरणं वहीत, पेनानं सोडवा. नुसतं वाचून हे येत नाही. ऑफिसात ऋणकोला (ज्याच्याकडून आपलं येणं आहे) ‘सन्ड्री डेटर्स’ आणि धनकोला (ज्याला आपलं देणं आहे) ‘सन्ड्री क्रेडिटर्स’ म्हणतात, तेव्हा इंग्रजी नावं समासात लिहीत चला.

बारा हजारांचं टेबल रोखीनं घेतलं. टेबल आलं म्हणून फर्निचर खाते नावे (डेबिट), रोख गेली म्हणून रोख खाते जमा (क्रेडिट). हेच टेबल उधारीवर घेतलं, तर नावेची बाजू तीच राहते आणि जमेला दुकानदाराचं नाव येतं. नावे म्हणजे वाईट आणि जमा म्हणजे चांगलं, ही समजूत मात्र पहिल्याच दिवशी काढून टाका.

पुस्तकातली उदाहरणं बरोबर यायला लागली, की आपल्याच फर्मचा मागचा, बंद झालेला एक महिना घ्या. वरिष्ठांना विचारून वीस-पंचवीस बिलं काढा, टॅलीत न बघता प्रत्येकाची नोंद कागदावर लिहा आणि मग टॅलीतल्या एंट्रीशी ताडून पाहा. जिथे जुळणार नाही, तिथे खरं शिक्षण आहे. हे ऑफिसातच बसून करा, फर्मचे कागद घरी नेऊ नका. घरच्या सरावाला टॅलीचा एज्युकेशनल मोड पुरतो. त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखाच चालतात, पण शिकायला तेवढं पुष्कळ.

पैसे जमा झाले की बँकेच्या स्टेटमेंटवर ‘क्रेडिट’ लिहून येतं. आमच्या पुस्तकात तीच रक्कम बँक खात्याच्या डेबिटला. नक्की कोण बरोबर?

दोघंही. स्टेटमेंट ही बँकेच्या पुस्तकातल्या तुमच्या खात्याची नक्कल असते. तुमचे पैसे बँकेकडे आहेत, म्हणजे बँक तुमची देणेकरी, म्हणून तिच्या पुस्तकात तुम्ही जमेला. तुमच्या पुस्तकात बँकेकडची शिल्लक ही तुमची मालमत्ता, म्हणून ती नावेला.

एवढं समजलं की लगेच बँक जुळवणीला हात घाला. नवख्या माणसानं पहिलं स्वतंत्र काम मागावं तर हेच. समजा, महिनाअखेरीला पुस्तकात १,८४,२५० रुपये आहेत आणि बँक म्हणते २,५०,६६०. शोधल्यावर तीन गोष्टी निघतात. पुरवठादाराला दिलेला ४२,००० चा चेक त्यानं अजून भरलेला नाही. एका गिऱ्हाइकानं २५,००० परस्पर एनईएफटीनं पाठवले, ते पुस्तकात आलेलेच नाहीत. बँकेनं ५९० रुपये चार्जेस कापले. १,८४,२५० मध्ये ४२,००० आणि २५,००० मिळवा, ५९० वजा करा. बँकेची शिल्लक येते.

आता या तिन्हींपैकी एंट्री कशाची करायची? चेकची नाही; तो पुरवठादारानं भरला की आपोआप जुळेल. एनईएफटी मात्र त्या गिऱ्हाइकाच्या खात्याला जमा करायचा, नाहीतर पैसे देऊन बसलेल्या माणसाला तुम्ही वसुलीचा फोन कराल. चार्जेसच्या ५९० पैकी ५०० खर्च आणि ९० जीएसटी, हे वेगळं दाखवा. पुष्कळजण सगळेच्या सगळे ५९० खर्चात टाकून मोकळे होतात. चेक तीन महिन्यांनंतर चालत नाही. तेव्हा जुळवणीत तोच चेक महिनोन्‌महिने लटकलेला दिसला, तर पुरवठादाराला विचारा आणि जुनी एंट्री उलटवा.

टॅलीत तेरीज आपोआप जुळते. मग ती शिकायची कशाला?

सॉफ्टवेअर एकतर्फी एंट्री घेतच नाही, म्हणून ती जुळते. वहीच्या काळात न जुळणाऱ्या तेरजेपायी रात्री जात. फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा जुन्या कारकुनांचा ठोकताळा होता: ५,४३० ऐवजी ४,५३० लिहिलं की फरक ९००. पार्टीचा (गिऱ्हाइकाचा किंवा पुरवठादाराचा) खातेउतारा जुळवताना तो आजही कामाला येतो.

पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं नाही. ४५,००० चा एसी दुरुस्ती खर्चात टाकला, तेरीज जुळेल. एकच बिल दोनदा चढलं, जुळेल. ‘गणेश ट्रेडर्स’चं बिल ‘श्री गणेश ट्रेडर्स’च्या खात्याला गेलं, तरी जुळेल. एखादं बिल चढवायचंच राहिलं, तर मग काय बोलायलाच नको. १४९४ साली लुका पाचोलीनं व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापली, तेव्हाही या चुका अशाच लपत होत्या.

त्या पकडायच्या तर खतावणी वाचायला शिका. महिन्यातून एकदा प्रत्येक खातं उघडून बघा. धनकोची शिल्लक नावेला का दिसते? एखाद्या दिवशी रोख शिल्लक उणे कशी? पेटीत उणे पैसे असूच शकत नाहीत. वर्षात भाडं अकराच महिन्यांचं का? सस्पेन्स खात्यात (कुठे टाकायच्या ते न ठरलेल्या रकमांच्या) काय पडून आहे? मग पुस्तकाबाहेरचा कागद समोर ठेवा: बँकेचं स्टेटमेंट, पार्टीचा उतारा, जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा पोर्टलवरचा उतारा), गोदामातली मोजणी. आपल्याच दोन रिपोर्टांनी एकमेकांना दुजोरा दिला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

जीएसटी आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) आधी शिकू की नंतर?

नोंदी पक्क्या झाल्यावर. करांचे दर आणि मर्यादा बदलत राहतात, खात्यांची रचना बदलत नाही. ही एक नोंद स्वतःच्या हातानं लिहून बघा. पुण्यातल्या एका भागीदारी फर्मला पुण्यातल्याच सीएंचं ६०,००० फीचं बिल आलं, त्यावर १८ टक्के जीएसटी. फी ६०,००० नावे, सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ५,४०० नावे, एसजीएसटी (राज्याचा वाटा) ५,४०० नावे. जमेला टीडीएस ६,००० आणि सीएंचं खातं ६४,८००. टीडीएस ६०,००० वर कापला आहे, ७०,८०० वर नाही; बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असला की तो मूळ फीवरच कापायचा. हा जीएसटी आपला खर्च का नाही आणि टीडीएस आपलं देणं का, ही दोन उत्तरं अडखळता न देता आली, तर उरलेलं तारखा पाळण्याचं काम. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. २बी साधारण १४ तारखेला तयार होतं.

मालक घरचा किराणा ‘किरकोळ खर्चात टाक’ म्हणतात. चहापाण्याच्या तर पावत्याच नसतात. मी नवी आहे, काय करू?

दोन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे. घरचा किराणा धंद्याचा खर्च नव्हे. मालकाची एकट्याची फर्म असेल तर तो उचल खात्याला (मालकानं स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या) जातो, भागीदारीत त्या भागीदाराच्या खात्याला. मालकांशी वाद घालू नका. “उचलमध्ये टाकते, सीए साहेबांनी बदलायला सांगितलं तर बदलू,” एवढंच म्हणा. बहुतेक मालकांना फरक माहीत नसतो. ज्यांना माहीत असतो, त्यांनाही यातून कळतं की तुम्हाला तो माहीत आहे.

चहापाण्याला इम्प्रेस्ट पद्धत लावून घ्या. पेटीत ठरावीक रक्कम, समजा ५,००० ठेवायची. खर्च होईल तसं छापील व्हाउचर भरायचं: तारीख, कुणाला, कशासाठी, घेणाऱ्याची सही. कधीही पेटी उघडली, तरी रोख आणि व्हाउचरं मिळून ५,००० भरलेच पाहिजेत. आठवड्यानं जेवढी व्हाउचरं, तेवढीच रक्कम पुन्हा घ्यायची. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च प्राप्तिकरात सहसा धरत नाहीत, हेही मालकांच्या कानावर घालून ठेवा.

आणि दुसऱ्याच्या लॉगिननं एंट्री करू नका, आपलं लॉगिन कुणाला देऊ नका. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची खूण ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे; एंट्री कुणी, कधी बदलली हे ऑडिटरला दिसतं.